मागून येणारी गिटार

म्हाताऱ्याने तार छेडली, आणि तिचा आवाज हेडफोनमध्ये पोचेपर्यंत एखाद्याची शिंक आटपून झाली असती.

"ड्रायव्हर चुकलाय, बाबा," लेक म्हणाली. गिटारची वायर एका लहानशा डबीत, डबीची वायर कॉम्प्युटरमध्ये, आणि त्या दोघांची बोलणी जमवणारा मध्यस्थ म्हणजे ड्रायव्हर. कॉम्प्युटरचा घरचा होता तो सुस्त. डबीसोबत आलेला चपळ. "हा लग्न जमवायला बसला तर नवरा-नवरी म्हातारी होतील. दुसरा घालते."

"घाल बाई. हात आजच्यापुरताच माझा आहे."

उद्या त्याच्या डाव्या हाताचं ऑपरेशन होतं. नंतर बोटं पूर्वीसारखी वळतील याची हमी डॉक्टर देत नव्हते. आणि ती धून अजून कुठेच रेकॉर्ड झाली नव्हती. त्याने आणि त्याच्या बायकोने ती जन्मभर कार्यक्रमांत वाजवली होती. एका हॉलमधलं बंद पडलेलं घड्याळ ती ऐकून पुन्हा चालू लागलं, असं तो शपथेवर सांगे.

चपळ ड्रायव्हर बसला. बोट हललं की आवाज हजर. म्हाताऱ्याने धून धरली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळला. पुन्हा धरली. पुन्हा तिथेच.

"दुखतंय का?"

"बोटं नाही दुखत. मागे कोणी नाही, म्हणून पाय भराभर पडतात." तो हेडफोनशी चाळा करत राहिला. "मघाचा घाल. सुस्त."

"तो चुकीचा आहे हो."

"माहीत आहे. तुझ्या आईलाही रोज हेच सांगायचो."

आई दुसरी गिटार वाजवायची, आणि कायम केसभर मागे. हा स्टेजवर डोळे वटारायचा. ती गोड हसायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा मागूनच यायची. जन्मात एकदाच ती त्याच्या पुढे गेली, ती परत न येण्यासाठी.

लेकीने सुस्त ड्रायव्हर परत घातला.

म्हाताऱ्याने एक कान उघडा ठेवला. त्या कानात त्याची गिटार, दुसऱ्या कानात तीच, पण उशिराने. डोळे मिटून तो वाजवत गेला. मधेच पुटपुटला, "ये, ये, सावकाश ये." धून या टोकापासून त्या टोकापर्यंत पार पडली. त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू घड्याळं चालू करून आलाय.

"लाव," तो म्हणाला.

लेकीचा हात माऊसवर थबकला. तिला ठाऊक होतं आणि त्याला सांगायचं राहून गेलं होतं. तो उशीर फक्त हेडफोनपुरता असतो. रेकॉर्ड होते ती एकच गिटार.

"बाबा, यात तुम्ही एकटेच असाल."

"लाव गं."

तिने लावलं. खरंच एकटी गिटार. लेकीने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"चपळवाल्यावर परत घेऊ या का?"

"गप. ऐक."

प्रत्येक ओळीच्या शेवटी गिटार किंचित थांबत होती. दोघं मिळून घरी यावीत, पुढच्याने दार उघडावं, आणि आत न शिरता ते हाताने धरून उभं राहावं, तशी.