वारा कापणारी गाडी

सर्वांत कमी पेट्रोल पिणारी मोटरसायकल आमच्या ओहायोतल्या स्पर्धेत जिंकते. रोजच्या वापरातली असावी म्हणून तिच्या मागच्या कप्प्यात किराण्याच्या चार पिशव्या मावाव्या लागतात. यंदा लेस्टर जिंकला. वारा कापायला त्याने गाडीला माशासारखं निमुळतं कवच चढवलं होतं.

बक्षीस घेऊन तो माझ्याकडे वळला. "व्हर्ना, तुझं कवच फार बोजड आहे गं. थेंब न् थेंब वाचवायला शीक जरा."

अंगाचा तिळपापड झाला. पिशव्यांसकट गाडी घराकडे दामटली.

वाटेत पंपावर लेस्टर दिसला. धिप्पाड पिकअपमध्ये पेट्रोल भरत होता. मागे ट्रेलरवर त्याची गाडी दोरांनी बांधलेली.

"ही चालवत का नाही नेत?"

"वेडी आहेस का? वारा बघ किती सुटलाय."