पदकाची कड

"वैनी, पदक घराण्याचं असतं, एकट्या बायकोचं न्हाई," असे धाकटे दीर रंगराव हौसाक्काला वर्षभर ऐकवत होते. जवानाच्या पश्चात शौर्यपदक पत्नीच्या हवाली, असे सांगणारे सरकारी पत्र तिने दोनदा त्यांच्यापुढे धरले; दोन्ही वेळा त्यांना चष्मा सापडला नाही.

मग तिच्या पेटीतले पदक नाहीसे झाले, आणि आज, शाळेच्या पटांगणातल्या सत्काराला, ते रंगरावांच्या छातीवर लकाकत होते. तेही डावीकडे, जिथे लावण्याचा मान फक्त ते मिळवणाऱ्याचा. नातलगाने उजवीकडे लावायचे असते. हौसाक्का मात्र अंगभर पदर लपेटून पहिल्या रांगेत शांत बसली होती.

पाहुणे म्हणून आलेल्या निवृत्त सुभेदारांना पदक दिसले की त्याची कड वाचायची सवय होती, कारण खऱ्या पदकाच्या कडेवर जवानाचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. "आणा की इकडं," म्हणत त्यांनी ते काढून घेतले, भिंग लावले, आणि समोर माईक सुरू आहे हे विसरून मोठ्याने वाचले:

"भावजी, ही नक्कल. पेटी नीट लावलीत ना?"

सारा मांडव हसून डोलला. छावणीच्या बाजारातील कारागिराने अक्षरे अगदी सुबक कोरली होती.

हौसाक्काने पदर अलगद बाजूला केला. उजवीकडे खरे पदक होते. त्याच्या कडेवरचे नाव रोज बोटाने चाचपून चाचपून जरा झिजले होते.