उपाशीपोटीची साखर

"काल यांना दारू कुणी दिली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी दिली," शिवणकामवाली म्हणाली.

पडद्यापलीकडे तिचा नवरा आडवा पडला होता. हाताला सलाईन, अंगातला सदरा घामानं अजून चिंब. तासाभरापूर्वी दोघा शेजाऱ्यांनी त्याला उचलून आणलं, तेव्हा नर्सनं बोटाला सुई टोचून साखर मोठ्यानं वाचली होती. एकतीस. सत्तरच्या खाली गेली की धोका, ही तर त्याच्या निम्मीही नव्हती. मग जी धावपळ उडाली, तिच्यात हिला कुणीतरी ढकलतच बाहेर काढलं होतं.

डॉक्टरीणबाई तिच्या मुलीच्या वयाच्या. जुने रिपोर्ट चाळत त्या म्हणाल्या, "काकू, मधुमेह आहे, लिव्हर खराब झालंय, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं की. पण बाहेर प्यायले की रस्त्यात पडायचे. म्हटलं, त्यापेक्षा घरीच देते, मापात. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याकडे. खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून सहा टोपणं. थेंब इकडचा तिकडे नाही."

तिनं पिशवीतून एक वही काढली. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं, छाती, कंबर, बाही. मागच्या पानांवर नवऱ्याची रोज सकाळची उपाशीपोटीची साखर. वही तिनं टेबलावरून सरकवली.

"तुम्हीच बघा. प्यायले की दुसऱ्या सकाळी साखर कमी. एकशे दहा, शंभर, अठ्ठ्याण्णव. नाही प्यायले की दोनशेच्या वर. हे माझ्याच लक्षात आलं आधी. यांना सांगितलं तर म्हणाले, अगं, मग हे तर औषधच निघालं."

डॉक्टरीणबाई पानं उलटत राहिल्या.

"परवा प्यायले नाहीत, तर काल सकाळी दोनशे चाळीस आली. मी घाबरले. म्हणून रात्री मीच म्हटलं, आज दहा टोपणं घ्या. ते नको नको म्हणत होते. जेवलेही नाहीत. मी म्हटलं, बरंच झालं, तेवढीच साखर पोटात जायची नाही."

"आणि साखरेची गोळी?"

"दिली ना. ती कधी चुकवली नाही मी."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली आणि खुर्ची जवळ ओढली. "काकू, आपण झोपलो तरी अंगाला साखर लागते. ती लिव्हर साठवून ठेवतं आणि रात्रभर थोडी थोडी सोडतं. दारू आली की ते आधी तिच्यामागे लागतं. साखर सोडायचं राहून जातं. इकडे गोळी साखर उतरवतेच आहे, आणि पोट रिकामं."

"मग हे शंभर, अठ्ठ्याण्णव...?"

"ते बरं होत असल्याचे नव्हते. लिव्हर हात टेकत होतं, त्याचे होते."

तिनं वही स्वतःकडे ओढली.

"आज सकाळी बरळत होते," ती एकदम म्हणाली. "मला वाटलं, चढलीय, झोपले की उतरेल, साखर नंतर बघू. पांघरूण घातलं आणि मशीनवर बसले. एक अख्खा फ्रॉक शिवला मी तोवर. काजं-बटणांसकट." तिनं डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं. "माझं लिव्हर घ्या. अर्धं देता येतं म्हणतात ना? कुठं सही करायची सांगा. आत्ता घ्या."

"काकू, बसा. काकू."

"डॉक्टर, पेशंट शुद्धीवर आलेत," पडद्याआडून नर्सनं हाक मारली.

दोघी आत गेल्या. नवरा छताकडे बघत होता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडला होता. बायको दिसली तशी त्यानं मान जराशी उचलली.

"अगं, किती आली आज?"

ती त्याचा सदरा सारखा करू लागली. सलाईनचा थेंब बारीक करत नर्सच म्हणाली, "आणलं तेव्हा एकतीस होती, काका."

"एकतीस!" सुकलेल्या ओठांवर हसू पसरलं. तो डॉक्टरीणबाईंकडे वळला. "ऐकलंत? पंधरा वर्षांत कुठल्या डॉक्टरला एवढी खाली आणता आली नाही. हिनं आणली. एकटीनं."