पूल आलाय, आ-बून

पुलाच्या ऐन मधोमध इंजिन थडथडलं, एकदा खोकलं आणि बंद पडलं. मागच्या उसाच्या वाघिणी एकमेकींवर आदळत थांबल्या. मग काहीच आवाज राहिला नाही. खाली नदी कोरडी होती. भर दुपारच्या उन्हात नुसते पांढरे धोंडे.

"बघ," थिआमकाका म्हणाले आणि पान खाली थुंकले. "जाताना काही नाही. घराकडे येतानाच. रोज इथेच."

ग्वेहा अवजारांच्या पेटीवर बसली होती. मांडीवर लिएन झोपली होती, मुठीत उसाचं कांडं तसंच धरून.

साखर कारखान्याचं हे सगळ्यात लहान इंजिन. चार चाकांचं, म्हशीएवढं. लिएन तान्ही असताना पुरात वाहून आलेला एक ओंडका याला धडकला आणि हे पुलावरून खाली गेलं. चालवणारा आ-बूनही गेला. ग्वेहाचा नवरा. इंजिन काढलं, गाळ धुतला, पुन्हा रुळांवर ठेवलं. पण बुडालेला माणूस आपल्या जागी दुसऱ्याला ओढल्याशिवाय सुटत नाही, म्हणून बाकीच्या ड्रायव्हरांनी याला हात लावायचं सोडलं. "मला ओढून त्याला काय मिळणार?" काका म्हणत. "चावायला दातसुद्धा नाहीत माझ्याकडे." पोरीला मात्र आणू नकोस, असं त्यांनी ग्वेहाला बजावलं होतं.

तरी ती पोरीला घेऊन आली. हंगामाची ही शेवटची फेरी. उद्या इंजिन भंगारात जाणार, तुकडे होऊन. आणि आ-बून यातच असला तर?

तो घरी नव्हता, एवढं तिला ठाऊक होतं. देव्हाऱ्यातल्या त्याच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवून ती लाकडी कौल टाकायची. आलास का? जेवलास का? एकदाही 'हो' पडलं नव्हतं.

काकांनी लोखंडी हँडल खोबणीत घातलं. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत कोंडलेली हवा दाबून दाबून इतकी तापते की तेल आपसूक पेटतं. म्हणून आधी कळ वर करून दाब मोकळा ठेवायचा, हँडल गरगर फिरवायचं, जड चाकाने वेग घेतला की कळ टाकायची. काकांनी टाकली. इंजिनाने एक उसासा सोडला, बस. पुन्हा टाकली. पुन्हा उसासा.

"टाकीत गाळ आहे," काका धापा टाकत म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "का गं, त्याला घरी आणताना तू याच पुलावरून आलीस ना? हाक मारली होतीस?"

ग्वेहाने लिएनच्या कपाळावरचे केस मागे सारले.

बाहेर मेलेल्याचा देह घरात नेत नाहीत. नुसता आत्मा आणतात, पेटत्या उदबत्तीच्या मागे मागे. आणि वाटेत पूल लागला की त्याला मोठ्याने सांगावं लागतं. मेलेल्याला पाणी एकट्याने ओलांडता येत नाही.

"लिएन पाठीवर होती," ती शेवटी म्हणाली. "तापाने रात्रभर रडली होती. तेव्हाच कुठे डोळा लागला होता तिचा. मी मनातल्या मनात हाक मारली, काका. म्हटलं, त्याला कळेल. पाळीवरून आला की बूट हातात घेऊन चवड्यांवर चालायचा तो, पोर उठू नये म्हणून."

"मनातल्या मनात!" काका ओरडले. "मेल्यावर माणसाला मनातलं ऐकू येतं होय? जिवंतपणी तरी कुठे यायचं त्याला!" मग त्यांचा आवाज खाली आला. "ये इकडे. कळ तू टाक."

मांडीवरची लिएन गाढ झोपेत होती. ग्वेहाने तिला खांद्यावर घेतलं आणि कळ धरली. काका हँडल फिरवू लागले. जड चाक घुमू लागलं.

"आ-बून!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "पूल आलाय! आमच्या मागे ये!"

लिएन दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं. ग्वेहाने कळ खाली टाकली. पहिल्याच ठोक्याला इंजिन पेटलं.

पूल सरला. रूळ ग्वेहाच्या परसामागूनच जातात. काकांनी तिथे ब्रेक लावला, मायलेकींना उतरवलं आणि तेल बंद करायचा दांडा ओढला.

इंजिन थांबलं नाही.

काकांनी दांडा पुन्हा ओढला. तेल बंदच होतं. तरी थड्, थड्, थड्. काकांचा चेहरा उतरला. असं कधीकधी होतं, डिझेल तोडलं तरी इंजिन स्वतःचंच वंगण पीत राहतं. मग त्याचा श्वास कोंडावा लागतो. त्यांनी पाण्याच्या बादलीतलं पोतं उचललं आणि हवेच्या तोंडाकडे धावले.

"थांबा काका, कोंडू नका त्याला," ग्वेहा म्हणाली. तिने इंजिनाच्या गरम पत्र्यावर हात ठेवला. "आ-बून, घर आलं. उतर आता."

थड्. थड्.

मग शांत.

काका ओलं पोतं धरून तसेच उभे. ग्वेहाच्या खांद्यावर लिएनचं रडणं थांबलं होतं. परसातून दाराकडे जाणाऱ्या पायवाटेवर तिची नजर हळूहळू सरकत होती.

"आई," ती म्हणाली, "फोटोतले बाबा चवड्यांवर का चालतायत? मी तर जागीये."