पहारा

माझी बायको सिनेमासाठी गाते. गाण्यात एका ठरावीक गायकाला ‘साजणा’ म्हणताना तिचा आवाज जितका ओला व्हायचा, तितका मला ‘अहो’ म्हणताना कधी झाला नाही. त्या दोघांचं द्वंद्वगीत असलं की मी कामावरून सुटून थेट स्टुडिओच्या फाटकाशी स्कूटर लावायचो. बाहेर यायची ती एकटीच. तो मागच्या दाराने सटकतो, याची मला खात्री होती. अठरा वर्षं हेच चाललं.

काल दोघांचा एकत्र सत्कार झाला. त्याने तिला हात जोडले. “ताई, आज पहिल्यांदा भेटतोय आपण. तुम्ही संध्याकाळी गाऊन जायचात, मी दुसऱ्या दिवशी सकाळी.”

घरी येताना मी घुश्शातच विचारलं, “हे मला कधी बोलली नाहीस?”

“बोलले असते, तर न्यायला आला असतात?”