दोन मुठींचं हँडल

"एका मुठीचं देऊ की दोन मुठींचं?" दुकानदारानं विचारलं आणि कपाटातून दोन हँडलं काढून काउंटरवर ठेवली.

शिवणकाम करणारी बाई दोन्हींकडे बघत राहिली. एकाला वाकडा दांडा आणि टोकाला एक मूठ. दुसऱ्याचा दांडा दोन्हीकडे सारखा, दोन्ही टोकांना मुठी. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. नवऱ्याचं गळाचं रीळ तिनं जुन्या टॉवेलात गुंडाळून आणलं होतं.

अर्धांगाच्या झटक्यानं नवऱ्याचा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. तेव्हापासून तो खिडकीशी बसून असायचा. काल त्यानं डाव्या हातानं माळ्याकडे बोट दाखवलं. उशी का, पंखा का, जुनी चप्पल का, सगळं विचारून झाल्यावर तिला कळलं, रीळ हवंय. तिनं ते काढून त्याच्या मांडीवर ठेवलं, तर त्याच्या हातातून सटकून फरशीवर पडलं आणि हँडल मोडलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तिला मात्र आतून बरं वाटलं. इतक्या महिन्यांत त्यानं काहीतरी मागितलं होतं.

"डाव्या हातानं फिरवायचंय," ती म्हणाली. "उजवा चालत नाही. गळाची काठी धक्क्याच्या कठड्याला बांधून देता येईल, पण फिरवायला एकच हात."

दुकानदार रीळ उलटसुलट करून बघू लागला. बुडाशी गुंडाळलेल्या निळ्या चिकटपट्टीवर त्याचा अंगठा थांबला.

"हे लिफ्टवाल्यांचं ना? लिफ्ट दुरुस्त करायचे ते? ही पट्टी मीच लावून दिलेली. काय झालं त्यांना?"

तिनं थोडक्यात सांगितलं. तो मटकन स्टुलावर बसला.

"अरेरे! आणि एकट्या माणसाला असं व्हावं."

"एकट्या?"

"मग काय हो! दर रविवारी इथूनच धक्क्यावर जायचे. मी दुकान बंद करून निघायचो तरी तिथंच. म्हणायचो, अहो, घरी जा आता. तर म्हणायचे, घरी कोण वाट बघतंय?"

बाईनं टॉवेलाची घडी घातली. उलगडून पुन्हा घातली. दर रविवारी ती त्याचं ताट झाकून ठेवायची, कंटाळून एकटीच जेवायची, आणि दार वाजलं की गॅस पेटवून पुन्हा सगळं गरम करायची. मिळाले का मासे, असं विचारलं तर तो 'नाही' म्हणायचा. पुढे तिनं विचारणं सोडून दिलं होतं.

"बाकी माणूस लाख," दुकानदार सांगतच होता. "काय गप्पा मारायचे! हसून हसून पोट दुखायचं माझं."

"गप्पा?" ती म्हणाली.

"तासन्‌तास. आणि हँडल कायम एका मुठीचंच. दोन मुठींचं दाखवलं की म्हणायचे, हात एक लागतो, मग ही दुसरी उगाच मागनं कशाला फिरतेय?"

तिनं एका मुठीचं हँडल रिळावर बसवायला सांगितलं. मग स्वतःचा उजवा हात पाठीमागे घेतला, डोळे मिटले आणि डाव्या हातानं फिरवून पाहिलं. दोन फेरे नीट झाले. तिसऱ्याला हात सुटला. मूठ खाली लोंबत राहिली आणि तिची बोटं हवेतच चाचपडत राहिली. तिनं डोळे उघडले. नवऱ्याची बोटं सदऱ्याचं बटण शोधतात, ती अगदी अशीच.

"आता ते दुसरं लावा," ती म्हणाली.

तिनं पुन्हा डोळे मिटले. हात मुद्दाम सोडला. पहिली मूठ निसटली, पण बोटं मिटायच्या आत दुसरी येऊन तळव्याला लागली. तिनं परत सोडला. परत आली. बराच वेळ ती नुसती सोडत होती आणि धरत होती.

"जमतंय की," दुकानदार म्हणाला. "याचा तोलही सांभाळला जातो. आपोआप खाली ओढ घेत नाही. पण त्यांना आवडायचं नाही हे, सांगून ठेवतो."

"आवडलं नाही तरी हेच द्या."

त्यानं स्क्रू घट्ट केला, तेलाचा थेंब सोडला आणि रीळ खोक्यात घातलं. मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, "आणि ताई, तुम्ही कोण त्यांच्या?"

बाईनं खोकं पिशवीत ठेवलं. पिशवीची चेन मध्येच अडकली, ती तिनं नीट लावली.

"शेजारी," ती म्हणाली.

"वा, बरं झालं!" दुकानदाराच्या चेहऱ्यावरची काळजी खरोखरच उतरली. "कोणीतरी आहे म्हणायचं त्यांना. मी सारखा विचार करायचो, या माणसाचं पुढं कसं होणार." तो तिला सोडायला दारापर्यंत आला. "एक सांगू का? धक्क्यावर नेलंत त्यांना, तर लगेच परत फिरू नका. जरा त्यांच्याजवळ बसा. फार माणूसवेडा माणूस आहे हो तो."

बाई पायरीवर थांबली. समोरचा रस्ता भरून वाहत होता.

"विचारून बघते," ती म्हणाली. "त्यांना चालत असेल तर."