पालथा कप

कप पुन्हा पालथा होता.

नवरा सकाळचा चहा पिऊन आत कपडे करायला गेला होता. जेवणाच्या टेबलावर त्याचा रिकामा कप तोंड खाली करून थेट लाकडावर बसला होता; बशी शेजारी कोरडी ठणठणीत. तिने कप उचलला. खाली ओले तपकिरी कडे उमटले होते. त्याच्या आजूबाजूला आधीची कडी होती, घासून घासून फिकट झालेली, पण न गेलेली.

"अहो, बशी काय मी शोभेला ठेवते का?" तिने फडके पिळत विचारले.

"अं?" आतून आले.

"काही नाही. पालथ्या घड्यावर पाणी!"

चहाच्या कंपनीत चहा चाखणे ही त्याची नोकरी. त्याच्या जिभेच्या भरवशावर व्यापारी पोत्यांनी माल उचलत. घरी येताना मात्र तो ती जीभ बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत असावा. लग्न झाल्यापासून ती सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे चहा ठेवत आली होती. तिने पत्ती बदलून पाहिली, आले घालून पाहिले, एकदा तर रागाने साखरच घातली नाही. तो प्यायला, कप पालथा घातला आणि उठला. चांगला म्हणाला नाही, वाईटही म्हणाला नाही. शेजारणीचा नवरा पाणचट चहालाही 'वा!' म्हणायचा. ते भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू यायचे आणि मग तिला टेबल अधिकच जोराने घासावेसे वाटे.

"आज सांगून ठेवते," तो बूट घालत असताना ती म्हणाली, "चहा कसा झाला एवढंही तुमच्या तोंडातून निघणार नसेल, तर उद्यापासून तुमचा चहा तुम्ही करायचा. भिंतीला चहा पाजून मी कंटाळले."

बुटाची नाडी तशीच धरून तो तिच्याकडे पाहत राहिला. मग "उशीर होतोय," एवढेच म्हणून निघाला, आणि त्या गडबडीत चष्मा टेबलावरच विसरला.

चष्म्याशिवाय त्याला नमुन्यांच्या डब्यांवरची अक्षरे लागत नसत. तेव्हा चष्मा घेऊन जाणे तिलाच भाग होते. ती चरफडत गेली. कंपनीच्या फाटकापर्यंत ती पूर्वी अनेकदा आली होती. चाखण्याच्या खोलीत मात्र आज पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

उंच खिडक्यांखाली एक लांबच लांब टेबल होते आणि त्यावर पांढऱ्या कपांची रांग. नवरा अंगात एप्रन घालून रांगेने पुढे सरकत होता. चमच्याने घोट घ्यायचा, मोठा आवाज करून तो तोंडात घोळवायचा, शेजारच्या उंच पिकदाणीत थुंकायचा आणि बोलायचा. दोन व्यापारी कानांत प्राण आणून ऐकत होते.

"हा अंगानं भरलेला आहे, पण शेवटी रेंगाळतो. ह्याचा रंग पाहा, नव्या तांब्याच्या भांड्यासारखा. आणि हा जरा लाजरा आहे हं. दूध जास्त झालं तर रुसेल."

ती दारातच थबकली. चष्म्याचे घर तिने मुठीत आवळले. म्हणजे शब्द होते तर! मुके नव्हते हे गृहस्थ. परक्या पत्तीचे रुसवेफुगवे कळत होते आणि घरच्या माणसासाठी एक 'अं'!

तेवढ्यात रांगेच्या टोकाला तिला एक कप दिसला. पालथा. टेबलावरच, तोंड खाली करून.

"इथलंही टेबल खराब करतात वाटतं हे?" किटली घेऊन शेजारून चाललेल्या सहायक बाईंना तिने विचारले.

बाई हसल्या. "वहिनी, तो ठरलेला कप. सरांची पद्धत आहे ती. चहा न थुंकता संपवून त्यांनी कप पालथा घातला, की तो माल घेतला म्हणून समजायचं. मग त्यावर कुणी चर्चा करायची नाही. असं क्वचितच होतं म्हणा."

"आणि हे बाकीचे? यांचं तर केवढं गुणगान चाललंय!"

"बोलावं लागतंच ना, वहिनी. ज्यांच्याबद्दल मन ठरत नाही, त्यांच्याबद्दलच बोलायचं असतं."

तिने चष्मा बाईंच्या हाती दिला आणि नवऱ्याला न भेटताच ती घरी आली. टेबलावरची कडी ती बराच वेळ पाहत बसली. हे तोंडाने एकदा सांगितले असते, तर काय बिघडले असते? निदान टेबलाचे पॉलिश तरी वाचले असते!

संध्याकाळी तिने नेहमीसारखा चहा केला आणि स्वतःचा कप घेऊन त्याच्यासमोर बसली. त्याने शेवटच्या थेंबापर्यंत चहा संपवला. कप पालथा घातला. मग सकाळची धमकी आठवून तो एकदम सावरून बसला.

"चहा..." त्याने घसा खाकरला. परीक्षेला बसवल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "म्हणजे... रंग छान आहे. अंगानंही तसा..."

"पुरे!" ती कडाडली. "वर्णन नकोय मला."

तिने आपला कप उचलला आणि त्याच्या डोळ्यांत पाहत, त्याच्या कपाशेजारी पालथा घातला. कपात अजून अर्धा चहा होता. तो टेबलभर पसरला आणि कडेवरून तिच्या पायावर ठिबकू लागला.

त्याने दोन्ही कपांकडे पाहिले, मग तिच्याकडे. उठला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने फडके हातात घेतले आणि टेबल पुसता पुसता, चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो म्हणाला,

"अगं, आधी संपवायचा असतो."